गळ्याची गाठ: नाव कळेपर्यंत नाव ठेवू नका



रेडिओ लावून कोणी भाकरी थापत असेल, कोणी गोठ्यात असेल, कोणी गटाच्या बैठकीत सगळ्यांना ऐकू जावं म्हणून आवाज मोठा केला असेल. हातातलं काम चालू द्या, पण कान इकडे असू द्या. आज आम्ही गळ्यातल्या गाठीबद्दल बोलणार आहोत. आणि त्यासोबत आमच्या गटाची एक चूकही सांगणार आहोत.

आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या ग्रामसंघाच्या बाया. आमच्या गटातल्या एका ताईची लेक, बावीस वर्षांची, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. साक्षगंध झालेलं. तिनंच आम्हाला म्हटलं, "माझं नाव घेऊ नका, पण झालं ते सगळं सांगा." म्हणून सांगतो.

आषाढात रोवणी चालू होती. पऱ्हे उपटताना, दिवसभर वाकून, मान दुखते हे आपल्याला काही नवीन नाही. पोरगी म्हणाली, डाव्या कानाच्या खाली मागच्या बाजूला दुखतं. हात लावला तर बोराएवढी गाठ. आजी म्हणाली, अवधाण आलं, जाईल. मिठाच्या पुरचुंडीनं शेकलं. चार दिवसांनी दुसरी गाठ लागली. शेजारच्या मावशीनं बिब्बा लावायला सांगितलं. बिब्ब्यानं कातडी भाजली, गाठ तशीच. मग संध्याकाळचा ताप सुरू झाला.

आपल्या भागात ताप आला की आधी मलेरियाचं रक्त बघतात, ते बघितलं. मलेरिया नव्हता. एका दवाखान्यात पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या. फरक पडला नाही. दुसऱ्या एका ठिकाणी गाठीला हात लावून सांगितलं, "टीबी दिसते," आणि टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. गाठीतलं पाणी नाही घेतलं, तुकडा नाही घेतला. नुसत्या हाताच्या अंदाजावर सहा महिन्यांच्या गोळ्या.

आता आमची चूक ऐका. ती पोरगी आमच्या गटाचा हिशोब लिहायची. बैठक तिच्याच घरी व्हायची, चहा तीच करायची. टीबीचं नाव कानावर आलं आणि आम्ही बैठक दुसऱ्या घरी नेली. कोणी तोंडानं काही बोललं नाही. पण तिच्या हातचा चहा आम्ही घेणं सोडलं. घरात तिचं ताट, तिचा गिलास वेगळा झाला. आणि गावातली गोष्ट सोयऱ्यांच्या गावाला जायला किती वेळ लागतो? पोळ्याच्या आधी निरोप आला, सोयरीक मोडली.

मैत्रिणींनो, त्या पोरीला टीबी नव्हता. आणि असता तरी आम्ही जे केलं ते चूकच होतं. फुफ्फुसाचा टीबी खोकल्यातून, हवेतून पसरतो. नुसत्या मानेच्या गाठीचा टीबी ताटातून, गिलासातून, चहातून कोणाला लागत नाही. हे आम्हाला नंतर कळलं. आधी विचारलं असतं तर आधी कळलं असतं.

मग तिला झालं काय होतं? त्याआधी गाठ म्हणजे काय ते समजून घेऊ.

आपल्या शरीरात काही शे लहान लहान गाठी असतात. त्यांना लसिका ग्रंथी म्हणतात. मानेत, काखेत, जांघेत, पोटात त्या असतात, आणि मानेत तर बऱ्याच. गावाच्या वेशीवर चौकी असावी तशा या चौक्या. तोंडातून, नाकातून, डोक्याच्या कातडीतून जंतू आत शिरला की या चौकीत तो अडवला जातो. तिथं पेशी वाढतात, लढाई होते, गाठ सुजते. डोक्यात उवा होऊन जखमा झाल्या, दाढ किडली, टॉन्सिल सुजले, पायाला काटा लागून पिकलं, की जवळची गाठ फुगते. हेच आपलं अवधाण. मूळ दुखणं बरं झालं की दोन-तीन आठवड्यांत ते उतरतं. गळ्यातल्या बहुतेक गाठी अशाच असतात. म्हणून गाठ दिसली की लगेच रडायचं कारण नाही.

पण काही गाठी उतरत नाहीत. त्यात आपल्या देशात पहिला विचार टीबीचा येतो. जुन्या बाया त्याला गंडमाळ म्हणायच्या, म्हणजे गळ्यात माळ घातल्यासारख्या गाठी. दुसरा विचार कॅन्सरचा. आपल्याकडे खर्रा खाणारे किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, आणि त्यात बायाही आहेत. तोंडाचा कॅन्सर मानेच्या गाठीत उतरतो. शिवाय या ग्रंथींचाच एक कॅन्सर असतो, त्याला लिम्फोमा म्हणतात.

या दोघांच्या मधोमध एक तिसरा आजार आहे. तो कमी दिसतो, म्हणून त्याचं नाव कोणाच्या तोंडी नसतं. त्याला किकुची आजार म्हणतात. १९७२ साली जपानमध्ये डॉ. किकुची आणि डॉ. फुजिमोतो या दोन डॉक्टरांनी वेगवेगळं काम करून तो पहिल्यांदा लिहून ठेवला. म्हणून पूर्ण नाव किकुची-फुजिमोतो आजार. नाव जपानी असलं तरी आजार तिथंच थांबलेला नाही. आशियातल्या लोकांत तो जास्त सापडतो, आपल्या देशातही सापडतो. बहुतेक रुग्ण चाळीसच्या आतले, आणि त्यात तरुण बाया जास्त. आमच्या पोरीला हाच आजार होता.

तो दिसतो कसा? मानेच्या एका बाजूला, बहुतेक वेळा मागच्या भागात, एक किंवा अनेक गाठी येतात. बोराएवढ्या, कधी सुपारीएवढ्या. दाबलं की बऱ्याच जणींना दुखतात. अनेकींना ताप येतो, अंग मोडून येतं, थकवा येतो. काहींना रात्री घाम येतो, वजन उतरतं, अंगावर पुरळ येतं. रक्त तपासलं तर काहींच्या पांढऱ्या पेशी कमी निघतात आणि ईएसआर वाढलेला असतो.

आता यातली गंमत बघा. गाठ, संध्याकाळचा ताप, घाम, वजन कमी होणं, ईएसआर वाढणं, ही सगळी टीबीची लक्षणं म्हणून आपण पाठ केली आहेत. लिम्फोमातही हीच येतात. तिन्ही आजारांचं तोंड सारखं, पोट वेगळं. म्हणून नुसतं बाहेरून बघून, हात लावून, कोणालाच खात्रीनं सांगता येत नाही. गाठीच्या आत बघावं लागतं.

आणखी एक फसगत ऐका. किकुची आजार बहुतेकींचा आपोआप बरा होतो, एक ते चार महिन्यांत. आता समजा अशा पोरीला तपासणी न करता टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांत गाठ उतरली. घरचे म्हणणार, गोळ्या लागू पडल्या, म्हणजे टीबीच होती. गाठ आपल्या वेळेनं उतरली, पण मान गोळ्यांना मिळाला. पोरगी सहा महिने नको त्या गोळ्या खाणार, त्यांचा ताण यकृतावर येणार, आणि टीबीचा शिक्का जन्मभर सोबत राहणार. अशा किती पोरी असतील, देव जाणे.

आमच्या पोरीचंही तेच झालं असतं. पण तीन आठवडे गोळ्या खाऊनही ताप हटेना आणि उजव्या बाजूला नवीन गाठ आली. आमच्या आशाताईनं फाईल मागितली. पान उलटून म्हणाली, "यात गाठीच्या तपासणीचा कागदच नाही. टीबी कुठून ठरली?" एवढाच प्रश्न. आम्ही सगळ्या गप्प. हा प्रश्न आम्हाला कोणालाच सुचला नव्हता.

मग मायलेकी बल्लारशाहच्या गाडीनं निघाल्या, सोबत आमच्यातल्या दोघी. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात आधी सुईची तपासणी झाली. बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढतात, काचेवर पसरतात. इंजेक्शनएवढंच दुखतं. टीबी किंवा कॅन्सर असेल तर अनेकदा या सुईतच कळतं. पण किकुची आजार सुईत बऱ्याचदा नीट पकडता येत नाही, कारण चार पेशी दिसतात, गाठीची पूर्ण रचना दिसत नाही. एका शितावरून भाताची परीक्षा होते, पण बांधीतला रोग ओळखायचा तर बांधीत उतरावं लागतं. तिच्या रिपोर्टात लिहून आलं, नक्की सांगता येत नाही, गाठ काढून तपासा.

इथं तिची आई अडली. "गाठीला कापलं की कॅन्सर पसरतो," असं तिला कोणीतरी सांगितलेलं. मैत्रिणींनो, ही भीती घराघरात आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्या पद्धतीनं गाठ तपासायला काढल्यामुळे कॅन्सर पसरत नाही. उलट तपासणी लांबवली तर असलेला कॅन्सर वाढायला वेळ मिळतो.

मानेची गाठ काढणं ही लहान शस्त्रक्रिया आहे. बहुतेक वेळा तेवढाच भाग बधिर करतात, एक गाठ अख्खी काढतात, दोन-चार टाके घालतात. पण घरात सिकलसेल असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल पुष्कळ आहे, आणि कुठल्याही शस्त्रक्रियेआधी ते माहीत असावं लागतं.

आता एक लहान पण फार कामाची गोष्ट. काढलेली गाठ बाटलीत घालतात. पेशी बघण्यासाठी ती फॉर्मालिनच्या औषधात ठेवतात. पण फॉर्मालिनमध्ये टीबीचे जंतू मरतात. मग ते जिवंत आहेत का, कुठल्या औषधाला दाद देतात, हे वाढवून बघता येत नाही. म्हणून गाठीचा एक भाग वेगळा, साध्या सलाईनच्या पाण्यात, टीबीच्या तपासणीला पाठवावा लागतो. तुम्ही फक्त विचारा, "डॉक्टर, टीबीसाठी तुकडा वेगळा ठेवला का?" विचारल्यानं कोणी रागावत नाही. रागावलं तरी विचारा.

प्रयोगशाळेत गाठीचे पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. टीबीच्या गाठीत मध्ये मेलेला भाग असतो, चक्क्यासारखा, आणि भोवती पेशींचे गोळे. लिम्फोमात एकाच जातीच्या पेशी माजलेल्या असतात, तणानं धान गिळावं तशा. किकुचीत गाठीत जागोजाग मेलेल्या पेशींचे ठिपके असतात आणि ते साफ करायला आलेल्या सफाईच्या पेशी असतात. म्हणजे लढाई झाली, मोडतोड झाली आणि आता झाडलोट चालली आहे. ही झाडलोट संपली की गाठ उतरते.

कधी कधी किकुची आणि लिम्फोमा यांत अनुभवी डॉक्टरांनाही शंका येते. अशा वेळी प्रयोगशाळेत गाठीचा मेणात बसवलेला ठोकळा जपून ठेवलेला असतो. तो आणि काचा मागून नागपूरच्या मोठ्या रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवता येतात. पोरीला पुन्हा कापावं लागत नाही. हे ध्यानात ठेवा.

आठ-दहा दिवसांनी रिपोर्ट आला. टीबीचे जंतू नाहीत. कॅन्सर नाही. किकुची आजार. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. तिच्या आईनं तीनदा विचारलं, "कॅन्सर नाही ना?" डॉक्टरांनी तीनदा सांगितलं, "नाही." टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. डॉक्टरांनी थांबवल्या, हे नीट ऐका. आजचं बोलणं ऐकून कोणी आपल्या मनानं टीबीच्या गोळ्या सोडू नका. टीबी तपासणीत निघाली असेल तर गोळ्या पूर्ण घ्यायच्याच. अर्ध्यात सोडलेली टीबी उलटून येते आणि मग साध्या औषधाला दाद देत नाही.

आता उपचार. किकुची आजाराला वेगळं असं औषध लागत नाही. ताप आणि दुखणं कमी करायला पॅरासिटामॉल किंवा सुजेच्या गोळ्या, आराम, पोटभर जेवण, पाणी. अँटिबायोटिकचा उपयोग नसतो. ताप फार दिवस राहिला किंवा त्रास जास्त असेल तर डॉक्टर काही आठवडे स्टेरॉईड देतात आणि हळूहळू कमी करत बंद करतात. ते आपल्या मनानं सुरू करायचं नाही, एकदम सोडायचंही नाही. आणि गाठ तपासण्याआधी तर स्टेरॉईड घेऊच नये. त्यानं लिम्फोमाची गाठसुद्धा तात्पुरती बसते, ताप उतरतो, आणि खरा आजार झाकला जातो. गावात दोन दिवसांत ताप उतरवणाऱ्या पुड्या आणि इंजेक्शनं मिळतात. त्यात काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नका.

किकुची आजार संसर्गाचा नाही. एकीचा दुसरीला लागत नाही. त्याचं नेमकं कारण डॉक्टरांना अजून सापडलेलं नाही. एखाद्या विषाणूनंतर शरीराची लढाई जरा जास्तच पेटते, असा अंदाज आहे. म्हणजे यात कोणाचं पाप नाही, नजर नाही, करणी नाही.

पण बरं झालं म्हणून फाईल जाळून टाकू नका. दोन कारणं आहेत. एक, शंभरात तीन-चार जणींना हा आजार पुन्हा येतो. दुसरं, थोड्या जणींना याच्या सोबत किंवा नंतर ल्युपस नावाचा आजार निघतो. त्यात शरीराची लढाऊ ताकद आपल्याच अंगावर उलटते. म्हणून डॉक्टर एएनए नावाची रक्ततपासणी करतात आणि पुढची काही वर्षं मधूनमधून बोलावतात. गालांवर लाल चट्टे, सांधे सुजणं, तोंडात वारंवार फोड, केस फार गळणं, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, असं काही दिसलं तर लगेच जायचं. दिवस राहिले तर डॉक्टरांना आधीची फाईल दाखवायची.

आमच्या पोरीची एएनए तपासणी चांगली निघाली. दसऱ्याला ताप नव्हता. दिवाळीला गाठ हाताला लागत नव्हती. मानेवर बारीक व्रण आहे. बिब्ब्याचा डाग मात्र त्याहून मोठा आहे.

आता गाठीसाठी कधी जायचं, ते बोटांवर मोजून ठेवा. गाठ तीन आठवड्यांत उतरली नाही तर. सुपारीहून मोठी असेल किंवा वाढत असेल तर. दगडासारखी टणक, जागची न हलणारी असेल तर, मग ती दुखो वा न दुखो. गळ्याच्या हाडाच्या वर, खोलगट भागात असेल तर. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं सोबत असेल तर. खर्रा-तंबाखू खाणाऱ्या माणसाला गाठ आली, तोंडातली जखम भरत नसेल, तर तीन आठवडे थांबूसुद्धा नका. आणि श्वास अडत असेल, घोट गिळता येत नसेल, तर १०८ ला फोन करून गाडी बोलवा.

सुरुवात आशाताईपासून करा, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. टीबीची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट आहे. टीबी निघालीच तर उपचार चालू असेपर्यंत नि-क्षय पोषण योजनेतून खात्यात महिन्याला पैसे येतात. आधी ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १००० रुपये झाले. जिल्ह्याच्या ठिकाणी, गोंदियाला, २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथं जाताना सगळे जुने कागद, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, आधार कार्ड आणि रेशन कार्ड सोबत घ्या.

आणि गटानं काय करायचं? आम्ही आता तीन गोष्टी ठरवल्या आहेत. दुखणाईत बाईसोबत गटातली एक बाई जाणार, कारण भीतीत डॉक्टरांचं अर्धं बोलणं कानात शिरत नाही. जाण्यायेण्याच्या खर्चाला गटातून कर्ज लगेच देणार, बैठकीची वाट बघणार नाही. आणि तिसरी, तपासणीचा कागद हातात येईपर्यंत कोणाच्या आजाराला आम्ही नाव देणार नाही. कागद आल्यावरसुद्धा ते नाव तिचं आहे, गावाचं नाही.

सोयऱ्यांचा पुन्हा निरोप आला होता. रिपोर्ट कळल्यावर ते तयार झाले होते. पोरगी म्हणाली, "जे गाठीला घाबरले, ते उद्या बाळंतपणाला काय करतील?" आईबापानं तिचं ऐकलं. तिनं बी.ए. पूर्ण केलं.

बैठक पुन्हा तिच्या घरी न्यावी असं आम्ही ठरवलं, पण सांगायला जायची लाज वाटत होती. शेवटी आमच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशी गेल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, चहा टाक." तिनं टाकला. काही बोलली नाही. आम्ही एकेक करत जाऊन बसलो. हिशोबाची वही तिनं पुन्हा हातात घेतली, आणि आमच्या दोन महिन्यांच्या बेरजेतल्या चुका काढल्या.

मैत्रिणींनो, आज रात्री हात धुताना, वेणी घालताना, आपल्या आणि आपल्या लेकीच्या मानेवरून एकदा हात फिरवा. काही लागलं तर घाबरू नका, लपवू नका. तारीख लिहून ठेवा आणि तीन आठवडे मोजा.